विम सोर्समधून बांधताना

आज इंदुरात, रामबागेतल्या मुलांबरोबर उबुंटू लिनक्सवर विम हा टेक्स्ट एडिटर सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधला. एनकर्सेस या टर्मिनल हाताळणाऱ्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज (बांधणीला लागणाऱ्या फायली) नसलं तर कॉन्फिगर, म्हणजे बांधणीआधी तपासणी करणारं स्क्रिप्ट, तिथेच थांबतं, कारणही सांगतं. क्लिपबोर्डचं तसं नाही! एक्स-११ आणि एक्सटी या ग्राफिक पडद्याच्या लायब्रऱ्यांची डेव्ह पॅकेजं नसली तरी बिल्ड मुकाट्याने पुरं होतं. 'विम --व्हर्जन'मध्ये 'एक्सटर्म_क्लिपबोर्ड'च्या आधी वजा दिसला की क्लिपबोर्डची सोय आली नाही असं समजावं. पॅकेजं टाकून आधी 'मेक डिस्टक्लीन' कराच, नाहीतर कॉन्फिगर जुन्या कॅशवर, म्हणजे आधी साठवलेल्या निकालांवर, विसंबतं.

डीबगिंगसाठी, म्हणजे चुका शोधण्यासाठी, सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरच्या पर्यायांत) '-जी -ओ०' द्या; त्याने डीबगची माहिती राहते आणि ऑप्टिमायझेशन बंद होतं. 'मेक इन्स्टॉल' सिम्बॉल (कोडमधल्या नावांची नोंद) काढून टाकतं, म्हणून जीडीबी हा डीबगर 'एसआरसी' फोल्डरमधल्या विमवरच लावा. तेही दुसऱ्या टर्मिनलमधून, कारण अख्खा पडदा विमने व्यापलेला असतो. चालू प्रोसेसला जोडताना उबुंटू परवानगी नाकारतं. तिथे सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं, लागतं.