सोळा फुटांचा पोर्च आणि मोठी गाडी

गेले सहा महिने आमच्या घरात एकच विषय फिरून फिरून निघतो आहे: मोठी एसयूव्ही घ्यायची की नाही. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. दादा आठवड्यातून तीनदा तिथे जातो आणि त्याला उंच, दणकट, सात जणांची गाडी हवी आहे. मी नागपुरातच नोकरी करतो, मानेवाड्याच्या एका जुन्या लेआउटमध्ये राहतो, आणि माझी सेडान आता नऊ वर्षांची झाली आहे. दोघांनी मिळून एकच मोठी गाडी घ्यावी आणि ती माझ्या घरी उभी करावी, असा दादाचा प्रस्ताव होता. त्याला होकार किंवा नकार देण्यापूर्वी मी बरेच काही मोजले, चालवून पाहिले आणि वाचले. ते सगळे इथे मांडतो आहे.

‘मोठी’ म्हणजे किती मोठी, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेत ज्या गाडीला पूर्ण आकाराची एसयूव्ही म्हणतात, तिचा जुना नमुना म्हणजे शेवरोले सबर्बन. हे नाव १९३५ पासून बाजारात आहे आणि आजच्या सबर्बनची लांबी ५.७ मीटरच्या घरात जाते. त्या मापाने आपल्याकडची फॉर्च्युनर मध्यम आकाराचीच ठरेल, कारण तिची लांबी ४,७९५ मिलिमीटर आहे. आपल्या करकायद्याची व्याख्या मात्र स्वतंत्र आहे. चार मीटरहून जास्त लांबी, १,५०० सीसीहून मोठे इंजिन आणि १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि जमीन यांतले अंतर) असला, की गाडी वरच्या गटात जाते. या गटावर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर असे एकूण ५० टक्के पडत; २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ४० टक्के झाले. त्यानंतर दादाच्या फोनची संख्या वाढली, हे ओघाने आलेच.

एका रविवारी सकाळी मी टेप आणि खडू घेऊन पोर्चमध्ये उतरलो. आमचा पोर्च आतून सोळा फूट लांब आहे, म्हणजे ४,८७७ मिलिमीटर. फरशीवर खडूने फॉर्च्युनरच्या मापाचा, ४,७९५ बाय १,८५५ चा चौकोन आखला, तेव्हा फाटक आणि पायरी यांच्यामध्ये मिळून आठ सेंटिमीटर उरले, म्हणजे माझ्या तळहाताच्या रुंदीएवढे. डिकीचे दार वर उघडायचे तर गाडी आधी फाटकाबाहेर काढावी लागेल. फाटक आठ फुटांचे आहे, त्यामुळे गाडी आत येईल, पण आरसे मिटून आणि कोणीतरी मागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत असेल तेव्हा. मुलाची सायकल, तुळशीची कुंडी आणि पाण्याच्या टाकीचा पंप यांना दुसरी जागा शोधावी लागेल. तो चौकोन पावसाळ्यापर्यंत पुसला गेला नाही. येणारा प्रत्येक पाहुणा त्याबद्दल विचारीत असे आणि प्रत्येकाचे मत वेगळे निघे.

त्यानंतर आम्ही चार गाड्या चालवून पाहिल्या. मी मुद्दाम मे महिन्यातली दुपारची वेळ मागून घेतली, कारण नागपूरच्या ४५ अंशांत जी गाडी मागच्या माणसाला गार ठेवते, तिची बाकीची परीक्षा नंतर घेता येते. प्रत्येक वेळी मी चालकाच्या सीटवर बसण्याआधी तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. सात जणांच्या गाडीचे जास्तीचे पैसे आपण त्याच रांगेसाठी मोजत असतो, आणि शोरूममध्ये तिच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे. एका गाडीत माझे गुडघे छातीशी आले. तिथे खाली फ्रेम आणि अ‍ॅक्सल असल्यामुळे गाडीचा तळच वर आलेला असतो, आणि सीट तळाहून फार वर नेली तर डोके छताला लागते. म्हणून माणसाला उकिडवे बसावे लागते. दुसऱ्या गाडीत छतातून येणारा एसीचा झोत बरा होता, पण तिसऱ्या रांगेची सीट उघडल्यावर मागे दोन बॅगांपुरतीसुद्धा जागा उरत नव्हती. आणखी एका गाडीत त्या सीटा मिटून खिडकीला दोन्ही बाजूंनी लटकतात. त्यामुळे सात माणसे नसतानाही डिकीची रुंदी कायमची कमी होते. सात माणसे आणि सात माणसांचे सामान एकाच वेळी नेण्याची सोय यांपैकी एकाही गाडीत नीट नव्हती. त्या कामाला इनोव्हासारखी बुटकी, लांब दारांची गाडी अधिक उपयोगी पडते, हे विमानतळावर टॅक्सी चालवणाऱ्या कोणालाही विचारावे.

आई दुसऱ्या फेरीला सोबत आली होती. तिच्या गुडघ्यांची झीज झाली आहे. तिने दाराचे हँडल धरले, डावा पाय फूटबोर्डवर ठेवला, अंग वर ओढून पाहिले, पुन्हा खाली ठेवले, आणि माहिती सांगणाऱ्या मुलाला विचारले, “काय रे बाबू, याच्यासंगं चढाले शिडी देता काय?” तो मुलगा हसला, मला मात्र उत्तर मिळाले. उंच गाडीत आत बसलेल्याला रस्ता लांबपर्यंत दिसतो, हे खरे आहे आणि त्याची सवय लागते, हेही खरे आहे. पण ज्यांच्यासाठी आपण ‘घरातले सगळे एकत्र जाऊ’ म्हणतो, त्यांच्यातच चढायला सगळ्यात अवघड जाणारे माणूस असते.

रस्त्यावरच्या वागणुकीत खरा फरक पडतो तो बांधणीमुळे. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन या गाड्या लॅडर फ्रेमवर उभ्या आहेत, म्हणजे ट्रकप्रमाणे खाली पोलादी चौकट आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. २०२१ मध्ये नव्याने आलेली सफारी आणि त्याच वर्षीची एक्सयूव्ही ७०० या मोनोकॉक आहेत, तिथे बॉडी हीच चौकट असते. खड्डे, दगड, ओढून नेण्याचे ओझे, चाक हवेत लटकेल असा उतार, यांत फ्रेम जास्त वर्षे टिकते. गुळगुळीत रस्त्यावर मोनोकॉक स्थिर आणि शांत चालते. एका सहकाऱ्याची फ्रेमवाली गाडी मी समृद्धी महामार्गावरून शिर्डीपर्यंत चालवली. नागपूरजवळच्या शिवमडक्याला चढलो की ५२० किलोमीटर जवळजवळ सरळ रस्ता आणि १२० ची मर्यादा. शंभरपर्यंत ती गाडी मजेत होती. त्यापुढे ट्रकला मागे टाकताना बाजूच्या वाऱ्याचा धक्का स्टिअरिंगमध्ये जाणवायचा आणि लेन बदलताना वरचे अंग क्षणभर मागे राहून मग यायचे. माझ्या जुन्या, बसक्या सेडानमध्ये हे कधी जाणवले नव्हते. वेग ८० वरून १२० वर गेला की थांबवायची ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोनपट होते, आणि इथे थांबवायचे वजन दोन टनांहून अधिक असते. काँक्रीट तापलेले असेल तेव्हा प्रवासाला निघण्याआधीच, टायर थंड असताना, त्यातली हवा तपासून घ्यावी, ही गोष्ट मी त्या प्रवासापासून कधी चुकवलेली नाही.

“वजनदार गाडी म्हणजे सुरक्षित गाडी” हा दादाचा आवडता मुद्दा आहे. तो अर्धाच खरा आहे. दोन गाड्यांची टक्कर झाली, तर जड गाडीतल्या माणसांना कमी धक्का बसतो, पण तो कमी झालेला धक्का हलक्या गाडीतली माणसे सोसतात. सक्करदऱ्यापासून सीताबर्डीपर्यंत रोज माझ्या पुढेमागे असतात त्या दुचाकी. उंच बॉनेटच्या समोर लहान मूल उभे असेल, तर ते चालकाला दिसतच नाही; आमच्या लेआउटमध्ये संध्याकाळी रस्त्यावरच क्रिकेट चालते. झाडाला किंवा कठड्याला धडक दिली, तर स्वतःचे वजन स्वतःलाच भोवते. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असल्यामुळे ती अचानक वळवताना उलटण्याचा धोकाही जास्त. तो इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलने, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप ब्रेक लावून सावरणाऱ्या यंत्रणेने, बराच कमी होतो, म्हणून ती सोय नसलेले मॉडेल पाहूच नये. आकार पाहून सुरक्षिततेचा अंदाज बांधण्यापेक्षा चाचणीचे निकाल वाचलेले बरे. गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपमध्ये स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले, तर २०२३ च्या सफारीला दोन्हींत पाच. मुले मागे बसतात, तेव्हा दुसरा आकडा मी आधी पाहतो.

पाण्याबद्दलही असाच गैरसमज आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, आणि त्या आठवड्यात ‘आता उंच गाडीच हवी’ असे मी किती जणांकडून ऐकले, याची गणती नाही. साचलेल्या पाण्यातून हळू जायला उंची निश्चित उपयोगी पडते. वाहत्या पाण्याचे गणित वेगळे असते. गाडीचा तळ साधारण आठ चौरस मीटरचा धरला, तर तळाच्या वर पाव मीटर पाणी चढले की सुमारे दोन टन पाणी बाजूला सारले जाते. म्हणजे आत पाणी शिरण्याआधीच दोन टनांची गाडी तरंगू लागते, आणि मग चाके चार फिरोत की दोन, काही फरक पडत नाही. पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी कोणतीही असो, थांबायचे.

बागेचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागला. तिथली जमीन कन्हार, म्हणजे भारी काळी आहे. मृगाचा पाऊस पडला, की ती बुटाला अशी चिकटते की चार पावलांत माणूस दोन इंच उंच होतो. मागच्या जुलैत आमच्या चुलतभावाची मोठी गाडी धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ रुतली. दिसायला ती भारदस्त होती, पण फक्त मागची चाके फिरणारी, आणि टायर हायवेचे. नक्षीत चिखल भरला की ते गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतात. जितका अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, तितकी ती वजनाने खाली जात होती. शेवटी ट्रॅक्टर आला. म्हणून दादाला मी एवढेच म्हटले, की घ्यायचीच असेल तर चारही चाके फिरवणारी फोर बाय फोर घे, तीही लो रेंजसह, म्हणजे हळू पण जोरात ओढणाऱ्या जादा गिअरसह, आणि सनरूफ असलेल्या वरच्या टू-व्हील ड्राइव्ह मॉडेलच्या मोहात पडू नकोस. मोठ्या एसयूव्ही पुष्कळ विकल्या जातात, पण त्यांतल्या बऱ्याच टू-व्हील ड्राइव्हच असतात. आजची सफारी तर फक्त पुढच्या चाकांवर चालते. गंमत म्हणजे ताडोब्याच्या सफारीला आपण मोठ्या गाडीतून जातो, आणि गेटवर तिला उभी करून जेमतेम टनभर वजनाच्या उघड्या जिप्सीत बसतो.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले आणि मोठी गाडी लिटरला अकरा, सेडान सतरा देते असे मानले, तर फरक जवळपास ३८५ लिटरचा पडतो. नव्वद रुपयांच्या भावाने तो पस्तीस हजारांच्या आत आहे. माझ्या दृष्टीने अडचण वेगळीच आहे. माझे ऑफिस आठ किलोमीटरवर. डिझेल गाडीतला डीपीएफ फिल्टर काजळी साठवतो आणि ती जाळायला त्याला मोकळ्या रस्त्यावर सलग चालणे लागते. रोज सिग्नलवरून सिग्नलवर फिरणारी गाडी त्याला ती संधीच देत नाही, मग डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. दादाची काटोलची साठ किलोमीटरांची वाट त्याच फिल्टरला मानवणारी आहे.

मी मागच्या वर्षाची डायरी काढून मोजले. पाचपेक्षा जास्त माणसे एका गाडीत बसली असे दिवस अकरा निघाले, त्यांतले चार एकाच लग्नातले. अकरा दिवसांसाठी चालकासह इनोव्हा भाड्याने आणता येते. मी सेडानच ठेवणार आहे, नवे टायर टाकून. दादाने परवा फोर बाय फोर बुक केली. ती काटोललाच, शेडखाली उभी राहील, आणि बहाराच्या दिवसांत तिसरी रांग काढून तिथे संत्र्यांचे कॅरेट जातील. आईने सुताराला बोलावून नऊ इंच उंचीचा एक सागवानी पाट करायला सांगितला आहे. त्याला दोरीची कडी लावून घे, असेही तिने बजावले आहे, म्हणजे वर चढल्यावर तो तिला स्वतःलाच आत ओढून घेता येईल.