ठाणे ते सम: वाळूत उतरायच्या आधी टायरची हवा नीट कशी काढायची

दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याहून जैसलमेर केलं, दोन थार आणि एक जिम्नी अशा तीन गाड्या. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं नव्हतं म्हणून पहाटे अंधारातच माजिवड्यावरून निघालो, पुढे अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर. रस्ता छान आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. खरी मजा समच्या वाळूच्या टेकड्यांवर, जैसलमेरपासून साधारण 40 किमी. लोकल माणूस सोबत घ्याच, आजूबाजूला डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द आहे, तिथे गाडी घालायची नाही.

रोडवर टायरची हवा 32-33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असते ती आम्ही 18 वर आणली. हवा कमी झाली की टायर बसतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि गाडी रुतायच्या ऐवजी वाळूवरून चालते. 15 च्या खाली उगाच जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो.

काडीने व्हॉल्व्हमधली पिन दाबत बसलात तर वेळ जातो आणि किती उरली तेही कळत नाही, त्यामुळे डिफ्लेटर, म्हणजे हवा काढायचं छोटं साधन, घ्याच. आमचा गेजवाला, म्हणजे दाब दाखवणारा काटा असलेला होता, व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचा, मागची दांडी आत दाबून उलटी फिरवली की पिन सुटते, दांडी मागे ओढली की पिन आतच अडकून राहते, वाळूत उडत नाही, मग रिंग सरकवली की फस्स करून हवा सुटते आणि मिनिटभरात एक टायर होतो. हवा सुटत असताना काट्यावर विश्वास ठेवू नका, रिंग बंद करून मगच बघा. जिम्नीला पितळी छोट्या डिफ्लेटरचा चारचा सेट, प्रेशर आधीच सेट केलेलं, चारी टायरला लावायचे, ठरल्या आकड्याला आपोआप बंद होतात. सोयीचे आहेत पण मला गेजवालाच आवडला.

लांबून आल्यावर टायर तापलेले असतात, 3-4 पीएसआय जास्तच दाखवतात, थोडे गार होऊ द्या.

आणि परत भरायची सोय नसेल तर हवा काढूच नका. कंप्रेसर थेट बॅटरीला क्लिप लावणारा घ्या, भरताना इंजिन चालू ठेवा. कमी हवेवर डांबरी रस्त्याला स्पीड घेतला तर टायर तापून फाटतो. भरून झालं की प्रत्येक व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघा, पिनमध्ये वाळूचा एक कण अडकला तरी रात्रभरात हवा जाते, म्हणून जास्तीच्या पिना आणि पिन काढायची चावी डॅशबोर्डमध्येच ठेवा.