एसटीआय लॉग: चाकांपर्यंत पोचताना ताकद जाते कुठे?

मंडळी, मेलबर्नच्या थंडीत करायचं ठरवलेलं काम मार्गी लागलं. गाडी तीच, सुबारूची २००८ नंतरची हॅचबॅक एसटीआय, चारही चाकांना ताकद देणारी. इंजिन स्टॉक (कंपनीतून आलं तसंच), कागदावर २२१ किलोवॅट. यावेळी टर्बोला हात लावलेला नाही. इंजिन आणि रस्ता यांच्यामध्ये ताकद नेमकी कुठे खर्ची पडते, एवढंच शोधायचं होतं.

"ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे सरसकट २५ टक्के लॉस" हे गणित, म्हणजे चाकांपर्यंत पोचताना पाव ताकद वाया जाते हा हिशेब, मला कधीच पटला नाही. २२१ चे २५ टक्के म्हणजे ५५ किलोवॅट, म्हणजे दोन किलोवॅटचे सत्तावीस गिझर एकदम चालू! एवढी उष्णता गिअरबॉक्स आणि डिफमध्ये (डिफरेन्शियल, चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) खरंच उतरत असती तर ट्रॅकवर तेल केव्हाच करपलं असतं. शिवाय तीच गाडी ट्यून करून ४०० वर नेली तर लॉस आपोआप १०० कसा होईल? बेअरिंग तीच, सील तेच, तेलही तेच.

लॉसचा एक भाग वेगावर चालतो: तेलाची घुसळण, सील, बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब), टायर. दुसरा टॉर्कवर, म्हणजे फिरवणाऱ्या जोरावर: गिअरच्या दातांचं घर्षण. हेलिकल (तिरक्या दातांच्या) गिअरच्या जोडीत एक-दोन टक्के जातात. हायपॉइडमध्ये, म्हणजे ताकद काटकोनात वळवणाऱ्या डिफमधल्या गिअरच्या जोडीत, दात एकमेकांवर घसरतात, म्हणून तिथे जास्त. सुबारूत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्यामुळे पुढे आणि मागे दोन्हीकडे ताकद काटकोनात वळवावी लागते, आणि दोन्हीकडे हायपॉइडच. मागच्या वाटेवर ट्रान्सफर गिअर आणि प्रॉपशाफ्टचे (मागच्या डिफपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) जॉइंट वेगळे.

डायनोवर (गाडी रोलरवर चालवून चाकांवरची ताकद मोजणारं यंत्र) रन संपल्यावर क्लच दाबून गाडी तशीच सोडली आणि कोस्टडाउन मोजलं, म्हणजे वेग आपोआप उतरताना किती ताकद खाल्ली जाते ते. ताशी १२० किलोमीटरच्या वेगाला, गिअरबॉक्स थंड असताना १९ किलोवॅट. तेल ८० अंशांवर गेल्यावर १५. तीच गाडी, तेच रोलर, फरक फक्त तेलाच्या दाटपणाचा. म्हणून तापमान न लिहिलेली डायनो शीट मी आता तुलनेला धरतच नाही. मात्र कोस्टडाउनमध्ये दातांवर भार नसतो, त्यामुळे टॉर्कवर अवलंबून असलेला हिस्सा या आकड्यांत येत नाही.

रन झाल्या झाल्या हात लावून पाहिलं तर डिफच्या केसिंगपेक्षा टायरचा ट्रेड जास्त तापलेला होता. गोल रोलरवर टायर जास्त दबतो, त्यात गाडी बांधायचे पट्टे करकचून आवळले की आणखी. म्हणजे ज्याला आपण ड्राइव्हट्रेन लॉस म्हणतो त्यातला मोठा वाटा रबराचा. प्रत्येक वेळी पट्ट्यांचा ताण आणि टायरची हवा सारखी ठेवा. पुढचे-मागचे रोलर जोडलेले नसतील तर सेंटर डिफ (पुढे-मागे ताकद वाटणारा) मॅन्युअलवर टाकून पूर्ण उघडा, म्हणजे लॉक न केलेला, ठेवा, नाहीतर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात.

फोक्सवॅगन गोल्फ आर वाल्यांसाठी: मागच्या चाकांची ताकद जोडणारा-सोडणारा हॅल्डेक्स क्लच मागच्या डिफजवळ असतो, त्यामुळे तो सुटला तरी प्रॉपशाफ्ट फिरतच राहतो. ऑडीने २०१६ मध्ये क्वाट्रो अल्ट्रा ही ऑल-व्हील ड्राइव्ह प्रणाली आणली ती याच कारणाने. तिच्यात शाफ्ट दोन्ही टोकांना सुटतो.

मागच्या डिफचं लिटरभर तेलही बदललं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप होता, तुकडे नाहीत. पातळ तेल घालून एखादा किलोवॅट वाचवण्याचा मोह टाळला आणि त्याहून दाट ७५डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर तेलच भरलं. हायपॉइडच्या दातांवर तेलाची फिल्म टिकणं मला जास्त मोलाचं वाटतं.

आता हब डायनोची वेळ घ्यायची आहे. तिथे चाकं काढून यंत्र थेट हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) जोडतात, म्हणजे टायर हिशेबातून बाहेर. आकडे आले की टाकतो.