विश्वकर्मा नोंदणी: जाळं विणणाऱ्यांच्या बोटांचे ठसे का उमटत नाहीत

पीएम विश्वकर्मा या केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या योजनेत नाव नोंदवायला सेवा केंद्रात जाण्याआधी आपली दहाही बोटं उजेडात नीट बघून घ्या. माझं घोडं तिथंच अडलं होतं.

जाळ्याची प्रत्येक गाठ आवळताना नायलॉनचा दोरा अंगठा आणि तर्जनीवरून घासत जातो. वर्षानुवर्षं हेच काम केलं की त्या दोन बोटांच्या रेषा सपाट होतात, आणि केंद्रात नेमकी तीच दोन बोटं मागतात. यंत्रानं ठसा नाकारला की ‘उद्या या’. तीन खेपा झाल्या. आधारला दहापैकी कुठलंही बोट चालतं, एवढं एक वाक्य त्यांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी डाव्या हाताची अनामिका लावली आणि ठसा पहिल्याच दमात जुळला. या बोटावर दोरा येत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात कातडी कोरडी पडते, तेव्हा चार-पाच दिवस विणकाम थांबवा, रात्री खोबरेल चोळा. पण सकाळी साबणानं धुवा, तेलकट बोट काचेवर पसरतं. काचही कोरड्या फडक्यानं पुसायला सांगा. एकही बोट जुळलं नाही, तर आधार केंद्रात ठसे नव्यानं द्यावे लागतात.

आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक आणि रेशनकार्ड सोबत ठेवा.

व्यवसाय मात्र घरूनच ठरवून जा. अंबाझरीसारख्या तलावात जलपर्णी माजली की जाळं मुळांत गुंततं, पाण्यातला प्राणवायू घटून मासळीही कमी होते. त्यामुळे जलपर्णीच्या टोपल्यांकडे वळला असाल, तर ‘मासेमारीचं जाळं’ नव्हे, ‘टोपली-चटई-झाडू’ निवडा. अवजारांसाठीची १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि प्रशिक्षण त्या व्यवसायाप्रमाणेच मिळतं. पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, विनातारण, ५ टक्के व्याजानं. पण ते उचलण्याआधी मालाचा हिशोब मांडा: जलपर्णीचे दहा किलो ओले देठ वाळून जेमतेम अर्धा किलो उरतात, आणि कडक उन्हात जास्त वाळले तर वळवताना तडकतात. विणण्याआधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे लागतात.

कुटुंबातल्या एकालाच नोंदणी मिळते. नवरा-बायको दोघंही विणत असतील, तर नाव कोणाचं द्यायचं ते आधी बोलून घ्या.

आणि देठ धुतल्या दिवशी केंद्रात जाऊ नका. पाण्यानं सुरकुतलेलं बोटही यंत्र घेत नाही.