पद्मिनीचा बसलेला घसा

आमची प्रीमियर पद्मिनी १९७८ची. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. गेल्या दिवाळीआधी तिचं तोंड रंगवून आणलं आणि दोन महिन्यांत हॉर्न बसला. पार बंद पडला असता तरी चाललं असतं, पण हा घरघरायचा. इंजिन बंद असताना नुसतं 'खट्' व्हायचं, रेस दिली की जरा खाकरायचा. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, तपासणीत हॉर्नही वाजवून बघतात, आणि आमची तारीख तीन आठवड्यांवर आलेली.

सुरुवात फ्यूजपासून केली. या गाडीतले फ्यूज जुन्या धाटणीचे, गोळीसारखे, अंगावरून पत्र्याची पट्टी गेलेली. टोकांवर हिरवट थर चढलेला होता, तो पॉलिश पेपरने घासला. फरक शून्य.

सोसायटीतल्या जाणकारांचं मत एकच: स्टिअरिंग उघड, आत संपर्क गेलाय. आप्पा गॅलरीतून तेच सांगत होते. आमच्या गाडीत पूर्वी कोणीतरी हॉर्नसाठी रिले बसवलाय, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच. स्टिअरिंगवरचं बटण त्या रिलेला फक्त 'अर्थ' (बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी करंटची परतीची वाट) देतं, हॉर्नचा खरा करंट रिलेतून जातो. म्हणून बटणाकडून येणारी वायर काढली, रिलेच्या त्या टोकाला दुसरी वायर लावून ती बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवली. तीच घरघर. म्हणजे बटण निर्दोष. स्टिअरिंग उघडावं लागणार नाही याचा आनंद इतका झाला की त्या दिवशी काम तिथेच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी रिलेही वगळला. बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर थेट हॉर्नच्या टोकाला. परत घरघर. आता उरला फक्त हॉर्न, असं मी ठरवून टाकलं, आणि इथेच चुकलो.

हॉर्नच्या पोटात एक कॉइल असते आणि तिच्यासमोर पत्र्याचा पडदा. कॉइलने पडदा ओढला की आतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडतात, करंट तुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा जुळतात. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की आवाज. पॉइंटचं अंतर मागच्या स्क्रूने जुळवता येतं. तो पाव आटा फिरवायचा असतो. मी दोन आटे फिरवला, वर उलटाही फिरवला, आणि मूळ जागा विसरलो. नंतर घरघरही गेली, नुसतं 'खट्' उरलं.

नाना पेठेत जाऊन नवा हॉर्न आणला. दुकानदाराने बॅटरीवर वाजवून दाखवला, तर फुटपाथवरची दोन माणसं दचकली. घरी येऊन जुन्याच क्लॅम्पला कसला. घरघर! नवा कोरा हॉर्न जुन्यासारखाच आजारी. खरं तर उत्तर तेव्हाच समोर होतं, पण मी वायरिंगला शिव्या देत मल्टिमीटर आणला. हॉर्नच्या टोकाची वायर काढून मोजलं, १२.५ व्होल्ट. म्हणजे सगळं ठीक, आणि तरी हॉर्न वाजत नाही!

शेवटी पेठेतल्या एका म्हाताऱ्या वायरमन चाचांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "मीटरची काळी वायर कुठे लावतोस?"

"बॅटरीच्या मायनसला."

"नेहमी?"

"हो. का?"

"आता हॉर्नच्या अंगाला लाव. आणि हॉर्न दाबलेला असतानाच बघ, सुटा नको."

घरी आलो. आप्पांना बटण दाबायला बसवलं. लाल वायर हॉर्नच्या टोकाला, काळी हॉर्नच्या अंगाला: ६.८ व्होल्ट. मग लाल हॉर्नच्या अंगाला आणि काळी बॅटरीच्या मायनसला. इथे शून्याच्या आसपास यायला हवं. आलं ५.१. जवळपास निम्मा जोर परतीच्या वाटेवरच संपत होता. या हॉर्नला टोक एकच, अर्थ मिळतो तो क्लॅम्पमधून बॉडीला. आणि तोंड रंगवताना क्लॅम्पखालच्या पत्र्यावरही रंगाचा जाड थर बसला होता. बोल्टच्या दोन-चार आट्यांतून कसाबसा करंट जायचा, त्यांनाही गंज चढत गेला तसा घसा बसत गेला. मी हॉर्न सुटा करून मोजत होतो तेव्हा करंट वाहतच नव्हता, मग मीटर पूर्ण १२.५ दाखवणारच. रेस दिल्यावर का सुधारायचा तेही कळलं: आमच्या गाडीला बॅटरी चार्ज करायला इंजिनवर फिरणारा जुना डायनामो आहे, आयडलला तो जवळपास चार्जच करत नाही, रेस दिली की व्होल्टेज चढतं आणि अडलेल्या वाटेतूनही थोडं जास्त पोचतं.

दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, दातेरी वॉशर. पत्रा चमकेपर्यंत घासला, बोल्ट कसून वरून व्हॅसलीन फासलं. शिवाय क्लॅम्पपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत टोकांना थिंबल (बोल्टखाली कसायची धातूची कडी) लावून वेगळी वायर ओढली. आता तिथे ०.२ व्होल्ट.

जुना हॉर्न परत चढवला, पण स्क्रू मीच बिघडवलेला, त्यामुळे शेळीसारखा आवाज. सोसायटीत जुळवणं शक्य नव्हतं. रविवारी पहाटे गाडी नदीपात्रातल्या रस्त्यावर नेली. पाव आटा, वाजव. पाव आटा, वाजव. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. अकराव्या की बाराव्या खेपेला म्हणाले, "हं. हाच."

नवा हॉर्न डिकीत पडून आहे. दुकानदाराने परत घेतला नाही.