तुम्ही विचारलंत म्हणून: कोण हा शाकेन ऐमानोव?

आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये आवडता नट कोण असं निघालं की मी शाकेन ऐमानोव म्हणते, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला, हा कोण आणि कझाकस्तानचा नट तुम्हाला भेटला कुठे? दर वेळी घाईघाईत काहीतरी सांगते आणि मनासारखं सांगून होत नाही, म्हणून आज बसून लिहिते.

भेटला अल्माटीत, एका घरमालकिणीच्या टीव्हीवर. माझी भाची तिकडे मेडिकलला आहे, तिच्याकडे पंधरा दिवस गेले होते. संध्याकाळी घरमालकीण आम्हाला चहाला बोलवायची, दुधाचा चहा, कान नसलेल्या वाटीत आणि तोही अर्धाच, कारण वाटी काठोकाठ भरली तर पाहुण्याने आता उठावं असा अर्थ होतो, अर्धी दिली की पुन्हा मागायचं आणि बसून राहायचं. टीव्हीवर जुना पिक्चर लागला की ती हातातलं काम टाकून म्हणायची, शाकेन-आगाचा आहे. आगा म्हणजे थोरला भाऊ, आपण दादा म्हणतो तसं. माणूस १९७० मध्ये गेला आणि अजून दादाच आहे, हे मला फार लागलं, म्हणून विचारायला लागले आणि मग शोधायलाच लागले.

जन्म १९१४ चा, बायानाऊलचा, म्हणजे गवताळ माळामध्ये डोंगर आणि तळी आहेत तो भाग. शिकायला सेमिपलातिन्स्कला, आता त्याला सेमेय म्हणतात. तिथनं १९३३ मध्ये नाटककार गाबित मुसरेपोव यांनी त्याला अल्माटीच्या कझाक नाटक थिएटरात बोलावून घेतलं. आता हे थिएटर सुरू झालं होतं १९२६ मध्ये, म्हणजे शाकेन आला तेव्हा जेमतेम सात वर्षांचं. आपल्याकडे विष्णुदास भावे सांगलीत १८४३ मध्ये उभे राहिले, त्यामुळे १९३३ च्या मराठी नटाच्या पाठीमागे नव्वद वर्षं होती, कुणाचं चालणं कुणाचं बोलणं बघून शिकायला. शाकेनच्या पाठीमागे होते ते अकीन, म्हणजे दोन तारांचा दोम्ब्रा घेऊन जागच्या जागी काव्य रचून गाणारे शाहीर. समोरासमोर बसून एकाने सवाल टाकायचा दुसऱ्याने जवाब द्यायचा, त्याला आयतिस म्हणतात, आपल्या कलगी-तुऱ्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही. माझं मत विचाराल तर त्याच्या अभिनयातला श्वास तिथनंच आलाय.

मुसरेपोवांच्याच नाटकात त्याने खलनायक कोदार केला, १९४३ मध्ये शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'च्या कझाक प्रयोगात नायक पेत्रुचिओ, समोर नायिका खदिशा बुकेयेवा. त्या काळात महायुद्धामुळे मॉस्को-लेनिनग्राडचे सिनेमा स्टुडिओ अल्माटीला हलवले होते, प्रसिद्ध सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाइन 'इव्हान द टेरिबल'चं शूटिंग त्याच गावात करत होता. १९४७ ला शाकेन थिएटरचा मुख्य दिग्दर्शक झाला. (आजची थिएटरची मोठी इमारत १९८१ ची, ती बघायला तो नव्हता.)

आणि मग 'झांबिल' हा सिनेमा. झांबिल हा खराखुरा अकीन, १८४६ मध्ये जन्मला आणि १९४५ ला गेला, शंभरीला काही महिने कमी. शाकेनने त्याचं तरुणपणापासून पार म्हातारपणापर्यंत सगळं वय केलं, तेव्हा स्वतः अडतीस वर्षांचा. आम्ही हौशी लोक म्हातारा करायचा म्हटलं की आधी पाठ वाकवतो, मग हात थरथरवतो, मीही वर्षानुवर्षं तेच केलंय. हा म्हातारा दोम्ब्रा घेऊन बसला की पाठ नाही बघावीशी वाटत, आवाजच ऐकावासा वाटतो. मी ते प्रसंग इतक्यांदा पाहिलेत की भाषा न कळता पुढचा श्वास कधी घेणार ते मला कळतं.

पुढे तो सिनेमाच दिग्दर्शित करायला लागला. पन्नाशीत 'अल्दार-कोसे' केला, कोसे म्हणजे दाढी न येणारा, लोककथेतला तो हुशार गरीब जो कंजूष श्रीमंतांना बनवतो, आणि ते काम स्वतःच केलं. पण मला विचाराल तर त्याचं सगळ्यात मोठं काम १९६६ चं 'आतामेकेन', म्हणजे वाडवडिलांची भूमी. आता म्हणजे आजोबा आणि मेकेन हा आपल्या 'मकान'चाच सख्खा भाऊ, दोन्ही अरबीतून आलेले. युद्ध संपलंय, एक म्हातारा नातवाला घेऊन ट्रेनने थेट लेनिनग्राडकडे निघालाय, लढाईत मेलेल्या मुलाच्या अस्थी आणून आपल्या मातीत पुरायच्या म्हणून. पोचतो तर मुलगा कितीतरी जणांबरोबर एकाच कबरीत. म्हातारा त्याला तिथेच राहू देतो. पटकथा कवी ओल्झास सुलेमेनोव यांची, आणि म्हाताऱ्याचं काम शाकेनने नाही केलं, येलुबाय उमुर्झाकोव यांना दिलं, १९३८ च्या 'अमांगेल्दी' सिनेमाचे नायक. ज्याने झांबिल इतका जिवंत केला त्याला हेही जमलं असतं, तरी तो कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिला, याच्यासाठी मी त्याला जास्तच मानते.

शेवटचा पिक्चर 'अतामानचा शेवट', अतामान म्हणजे कोसॅक सैन्याचा सरदार, त्यात असानाली आशिमोव हीरो. तो घेऊन मॉस्कोला गेला होता आणि तिथेच डिसेंबर १९७० मध्ये गाडीच्या अपघातात गेला, वय छप्पन्न. १९८४ पासून कझाकफिल्म स्टुडिओला त्याचं नाव आहे.

'आतामेकेन' आम्ही त्या घरमालकिणीबरोबरच पाहिला, भाची अधूनमधून सांगत होती. मी विचारलं, एवढ्या लांब अस्थी आणायला का जायचं? तिने टीव्हीचा आवाज कमी केला. कझाक माणसाला सात पिढ्यांची नावं पाठ यावी लागतात म्हणाली, आणि बोटांवर मोजायला लागली. पहिलं बोट वडील. दुसऱ्या बोटावर थांबली, हे आजोबा, युद्धात गेले, कुठे पुरलंय ते माहीत नाही. ते बोट तिने थोडा वेळ दुसऱ्या हाताने धरून ठेवलं, मग सोडलं आणि तिसऱ्यापासून पुढची नावं सांगायला लागली.