भांडी मोजून परत

पुण्यात लग्नाचे मुहूर्त सरले की काही मंगल कार्यालयांच्या हॉलमध्ये पुस्तकं किलोवर विकायला येतात. पंधरा दिवसांपूर्वी जिथे मठ्ठा-जिलबीची पंगत बसली होती, तिथेच लांबलचक टेबलांवर परदेशातून गठ्ठ्याने आलेली जुनी पेपरबॅक पसरलेली असतात आणि दाराशी आहेराच्या टेबलाच्या जागी वजनकाटा असतो. केक करायची पुस्तकं, वजन घटवायची पुस्तकं (दोन्ही शेजारीशेजारी), कोर्टकचेऱ्यांच्या कादंबऱ्या. ढिगाच्या तळाशी हात घातला की अवकाशयानाचं चित्र असलेलं एखादं बुटकं पुस्तक, म्हणजे टीव्ही मालिकेवरून बेतलेली कादंबरी, हमखास लागतं. मुखपृष्ठावर टीव्हीतला ओळखीचा चेहरा, पण किंचित सुजलेला. फोटोवरून रंगवलेल्या चेहऱ्यांना ती सूज येतेच.

सव्वाचार इंच रुंद, पावणेसात इंच उंच, अडीचशेच्या आसपास पानं. किलोत सहा-सात बसतात. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अवकाशयानाची अमेरिकी मालिका पाहिलेला गृहस्थ ते उचलतो, आणि मोबाइलवर सगळे सीझन संपवून बसलेली त्याची मुलगीही उचलते. चाळिसाव्या पानापर्यंत दोघांचंही मत एकच होतं : हा तो नव्हे. नाव तेच, गणवेश तोच, यानावरच्या स्पॉकची भुवई तर दर तीन पानांआड वर जाते. पण बोलतोय कुणीतरी दुसराच.

आपल्याला खरी सवय उलट्या दिशेची. चिं. वि. जोशींचा चिमणराव आधी पुस्तकात आला, मागाहून दूरदर्शनवर. त्या प्रवासाची तक्रारही ठरलेली, ‘छान केलंय, पण पुस्तकाची सर नाही.’ इथे मालिका मूळ आणि पुस्तक मागाहून आलेलं, त्यामुळे नेमकं कशावर चिडायचं हेच कळत नाही, आणि सगळा राग लेखकावर निघतो. तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. घोळ करारात असतो.

हा करार मांडववाल्याकडून आणलेल्या भांड्यांसारखा आहे. पातेली दहा, पराती चार, ओगराळी सहा : मोजून न्यायची, मोजून परत करायची, पोचा पडला तर भरपाई. प्रकाशक स्टुडिओला पैसे मोजून मालिकेचं नाव वापरायची परवानगी घेतो. लेखक आधी दहा-वीस पानांचा आराखडा लिहितो, तो स्टुडिओच्या परवाना विभागात जातो, तिथून खुणा होऊन परत येतो. मग काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत कादंबरी लिहायची. ती पुन्हा तपासली जाते. शेवटी पुस्तकाच्या स्वामित्वहक्कापुढे नाव लागतं ते स्टुडिओचं. लेखकाला ठरलेली रक्कम, आणि नशीब बरं असेल तर विक्रीतला अगदी पातळ वाटा. अट एकच, पण ती सगळ्यांत जाचक : पात्रं जशी नेली तशीच परत करायची. कॅप्टनचं लग्न लावता येत नाही, डॉक्टरला मारता येत नाही, यानाचा एक पंखाही कायमचा मोडता येत नाही. अडीचशे पानं जीव धोक्यात घालून शेवटच्या दोन पानांत सगळं जैसे थे. वाचकाला हे दहाव्या पानावरच कळलेलं असतं. मग धोक्याची भीती कुठून वाटणार?

‘स्टार ट्रेक’च्या कादंबऱ्यांवर ऐंशीच्या दशकाअखेर हा पहारा इतका कडक झाला की एका पुस्तकात जन्मलेलं पात्र दुसऱ्या पुस्तकात आणण्यालाही आडकाठी होऊ लागली. म्हणजे भाड्याची भांडी तर मोजायचीच, वर घरून आणलेला चमचासुद्धा पुढच्या कार्याला न्यायचा नाही.

ही झाली स्वतंत्र कथानकाच्या पुस्तकांची गत. दुसरी जात आहे थेट भागांवरून केलेल्या रूपांतरांची, आणि तिथे अडचण हिशोबाची आहे. पन्नास मिनिटांच्या एका भागाची संहिता साधारण साठ पानांची. त्यात बहुतेक संवाद, मधूनमधून दोन ओळींच्या सूचना. शब्द मोजले तर दहा-बारा हजारांच्या आगेमागे. कादंबरीला लागतात साठ-सत्तर हजार. म्हणजे एक तर वरणात पाणी घालायचं, नाहीतर वाटी लहान घ्यायची.

जेम्स ब्लिश या ह्यूगो पुरस्कार मिळालेल्या विज्ञानकथाकाराने वाटी लहान घेतली. १९६७ सालच्या त्याच्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ पुस्तकात दीडशेहूनही कमी पानांत सात भाग कोंबले आहेत. एका भागाला वीसेक पानं. इतक्या जागेत माणसं आत येतात, बोलतात आणि जातात. खुर्चीवर बसायला सवड नाही. शिवाय ब्लिश प्रत्यक्ष भाग बघून नव्हे, हाती आलेल्या संहितेवरून लिहीत होता, आणि ती कधीकधी शूटिंगच्या आधीची कच्ची प्रत असे. म्हणून त्या पहिल्या पुस्तकात ‘चार्ली एक्स’ हा भाग ‘चार्लीज लॉ’ या नावाने आहे आणि ‘द मॅन ट्रॅप’ चक्क ‘दि अनरियल मॅकॉय’ म्हणून. पडद्यावरचं वाक्य पुस्तकात सापडत नाही आणि पुस्तकातला प्रसंग पडद्यावर दिसत नाही, अशी हळहळ करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं की त्याच्या हातातलं पुस्तक हे त्या भागाचं रूपांतर नाहीच. तो भाग जसा होता होता राहिला, त्याचं ते रूपांतर आहे. अशा बारा पुस्तकांपैकी शेवटचं १९७७ साली, ब्लिशच्या मृत्यूनंतर, त्याच्या पत्नीच्या हातून पुरं होऊन आलं.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ची तऱ्हा आणखी वेगळी. १९७३पासून टार्गेट या मालेत त्याची रूपांतरं येऊ लागली आणि त्यांतली साठाहून अधिक टेरन्स डिक्स या एकाच माणसाने लिहिली. तो स्वतः मालिकेचा संहिता-संपादक होता, त्यामुळे घराची वाट त्याला पाठ होती. पण पानांची मर्यादा १२८च्या आसपास अडकलेली. चार भागांची कथा असो की सहा भागांची, म्हणजे शंभर मिनिटं असोत की दीडशे, पिशवी तेवढीच. सहा भागांच्या कथेतली धावपळ म्हणूनच त्या पुस्तकांत दोन परिच्छेदांत उरकते. मालिकेच्या नायकाची, डॉक्टरची, काळातून फिरणारी ती निळी पेटी प्रकट होताना जो घरघरत कण्हल्यासारखा आवाज येतो, त्याचं वर्णनही पुस्तकामागून पुस्तक त्याच ठरीव शब्दांत. सत्यनारायणाच्या पोथीत साधुवाण्याची नाव येते तशी पेटी येते. शब्द बदलला तर श्रोतेच दचकतील.

आणि तरीही ही पुस्तकं जपली जातात, कारण बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत जुन्या टेपा पुसून टाकल्या. सुरुवातीच्या वर्षांतले शंभराच्या आसपास भाग चित्रफितीच्या रूपात आज उपलब्ध नाहीत. त्यांचा आवाज आहे, काहींचे फोटो आहेत, आणि ही पुस्तकं आहेत. व्हिडिओ घरात येण्याआधीच्या इंग्लंडमधल्या पोरांना तर एकदा लागून गेलेला भाग परत भेटायचा तो इथेच. त्या पिढीचा अपेक्षाभंग मात्र उलट्या बाजूने झाला : पुस्तकातला राक्षस रबराचा नव्हता. पुढे डीव्हीडीवर तो प्रत्यक्ष पाहिला तेव्हा पाठीवरची चेन दिसली.

पडद्यावरचं नेमकं काय कागदावर येत नाही, हे एकदा नीट बघितलं तर चाळिसाव्या पानाची चिडचिड बरीच निवळते. नट बोलण्याआधी अर्धा सेकंद थांबतो आणि त्या थांबण्यात सगळं असतं. लेखकाने ‘तो थांबला’ असं लिहिलं की ती नोंद होते, थांबणं होत नाही. मग लेखक खात्रीच्या खुणांना धरतो : भुवई, कपाळावरची आठी, ठरलेला तकिया कलाम. पन्नास मिनिटांत एकदा येणारी लकब अडीचशे पानांत चाळीस वेळा येते आणि माणसाची नक्कल होऊन बसते. तांत्रिक बडबडीचंही तेच. पडद्यावर यंत्रविशारद धावत धावत तीन अगम्य शब्द फेकतो, मागे ठिणग्या उडत असतात, आपण मान डोलावतो. कागदावर ठिणग्या नाहीत. उरतात ते तीन शब्द, आणि वाचक त्यांचा अर्थ लावत बसतो. अर्थ नसतोच.

पुस्तक चांगलं उतरतं ते मालिकेने स्वतःच एखादी फट सोडलेली असली तर, आणि त्या फटीत काय आहे हे लेखकाला ठाऊक असलं तर. ‘बॅबिलॉन ५’ हे याचं नमुनेदार उदाहरण. पाच वर्षांची गोष्ट आधीच आखून घेतलेली ही मालिका. ११० भागांपैकी ९२ एकट्या जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की या निर्मात्याने लिहिले. इतक्या घट्ट विणीत बाहेरचा दोरा घालायचा कुठे? १९९५पासून आलेल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या म्हणूनच एकतर मूळ कथेशी भांडतात, नाहीतर बाजूला बसून राहतात. पण पहिल्या वर्षानंतर मालिकेतल्या अंतराळस्थानकाचा कमांडर सिंक्लेअर अचानक निघून जातो आणि तिसऱ्या वर्षी दोन भागांपुरता परततो. मधल्या काळात त्याचं काय झालं? नऊ पुस्तकांच्या त्या संचात नववं, १९९७चं, याच प्रश्नाचं उत्तर देतं. ते लिहिलं कॅथरिन ड्रेनन यांनी, ज्या तेव्हा स्ट्रॅझिन्स्कींच्या पत्नी होत्या. परवाना विभागाच्या खुणा स्वयंपाकघरातच मिळत असतील तर पुस्तक बरं होणारच! तेव्हा या संचातलं पुस्तक ढिगात दिसलं तर कण्यावरचा आकडा बघावा. सात (तेही अशाच एका फटीत बसणारं) आणि नऊ घ्यावेत, बाकीचे काट्यावर चढवण्याआधी दोनदा विचार करावा.

कण्याबद्दल निघालंच आहे तर : ही पुस्तकं शिवलेली नसतात. पानं कापून गरम गोंदाने चिकटवलेली असतात आणि तो गोंद वर्षांनी काचेसारखा कडक होतो. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पूर्ण उघडलं की मधोमध कट् असा आवाज येतो आणि सोळा पानं मांडीवर. काटकोनापलीकडे उघडू नये. मुखपृष्ठच नसलेली प्रत कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. अमेरिकेत न खपलेल्या प्रतींची नुसती मुखपृष्ठं फाडून प्रकाशकाकडे परत पाठवतात आणि उरलेलं पुस्तक रद्दीत जायचं असतं. ते कुणीतरी मधेच उचललेलं असतं. शीर्षकपानाच्या मागे वर्ष छापलेलं असतं, तेही बघावं. मालिका सुरू झाल्याच्या वर्षातलंच पुस्तक असेल तर लेखकाने एखाद-दुसरा भाग आणि पात्रांचं टिपण यापलीकडे फारसं काही पाहिलेलं नसण्याची शक्यता दाट, कारण हस्तलिखित छपाईच्या कितीतरी महिने आधी द्यावं लागतं. पात्रं परक्यासारखी बोलतात त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

पोचे पाडायची मुभा मिळाली तर काय होतं, हेही एकदा होऊन गेलं. ‘स्टार ट्रेक’ची एक मालिका १९९९ साली संपली, दुसरीचा शेवटचा चित्रपट २००२ साली आला, आणि भांड्यांचा मालक जणू गावाला गेला. २००१पासून कादंबऱ्यांनी कथा पुढे न्यायला सुरुवात केली. त्या दुसरीतल्या कॅप्टन पिकार्डचं त्याच्याच यानावरच्या डॉक्टर क्रशरशी लग्न झालं, मुलगा झाला. माणसं मेली, बढत्या मिळाल्या, राज्यं उलटली. एका पुस्तकातलं पात्र दहा पुस्तकांनंतर म्हातारं होऊन भेटू लागलं. जवळपास वीस वर्षं हा संसार चालला. मग २०२० साली पिकार्डवर नवी मालिका आली, आणि तिच्यात ते लग्न नाही, पुस्तकातला तो मुलगाही नाही. प्रकाशकाने एक सभ्यपणा केला : २०२१ साली तीन कादंबऱ्या काढून त्या पुस्तकी जगाचा रीतसर शेवट केला. वाचकांना रडू आलं आणि रागही आला, आणि पुस्तकाच्या दर्जाबद्दल मात्र पहिल्यांदाच कुणी तक्रार करेना.

शेकडो पुस्तकांतून पडद्यावर शेवटी टिकलं ते फारच थोडं. १९६६च्या मूळ मालिकेत यान हाकणाऱ्या सुलूला पहिलं नावच नव्हतं, नुसताच सुलू. १९८१च्या ‘दि एंट्रॉपी इफेक्ट’ या कादंबरीत व्होंडा मॅकइंटायर यांना त्याचा एक खाजगी प्रसंग लिहायचा होता, आणि खाजगीत कुणी आडनावाने हाक मारत नाही. त्यांनी त्याला हिकारू म्हटलं. दहा वर्षांनी, १९९१च्या सहाव्या चित्रपटात, कॅप्टन झालेला सुलू स्वतःच्या तोंडाने ते नाव उच्चारतो.

रविवार पेठेत नवं पातेलं घेतलं की दुकानदार विचारतो, ‘नाव घालायचं का?’ आणि बारक्या यंत्राने टरटर करत ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून देतो. भाड्याच्या पातेल्यावर कुणी असं नाव घातलं आणि ते घेऊन मांडववाल्याकडे परत गेलं, तर तो काय म्हणेल? इथे मालकाने दहा वर्षांनी पातेलं उलटं करून पाहिलं, नाव वाचलं आणि तसंच ठेवलं.